कैरीच्या आकाराचा देश

बाबा,

तुम्ही लंकेवर बोलायला उभे राहिलात की आधी चष्मा काढून खिशात ठेवायचात. समोरची माणसं दिसली नाहीत तरी चालतील, मला जे बघायचं ते आत दिसतं आहे, असं काहीतरी त्यात असायचं. आपल्या आदिलाबादकडच्या, बेलाच्या आसपासच्या गावांतून, पैनगंगेच्या अलीकडून आणि पलीकडूनही, वैशाख पौर्णिमेला तुम्हाला बोलावणं यायचं ते त्या एका भाषणासाठी. ‘श्रीलंका : देश आणि माणसं.’ आधी लोक बैलगाडी पाठवायचे, पुढे पुढे मोटरसायकल. गाडी असायची तेव्हा मीही तुमच्याजवळ बसून यायचे. ते भाषण मी इतक्यांदा ऐकलं होतं की तुम्ही बोलत असताना खाली सतरंजीवर माझे ओठ हलायचे.

“नकाशात पाह्यला तर कैरी टांगल्यावानी दिसते हा देश,” अशी सुरुवात व्हायची. माणसं हसायची. मग हळूहळू तुमची भाषा वर चढायची, पुस्तकातली व्हायची. त्या देशात पौर्णिमेला दुकानं बंद असतात. माणसं पांढरे कपडे घालून विहाराकडे निघतात. रस्त्याच्या कडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही जेवू घालतात, तू कोण, कुठला, असं विचारत नाहीत. खेड्यातल्या म्हातारीलाही लिहिता-वाचता येतं. सम्राटाच्या लेकीनं आपल्या इथून बोधिवृक्षाची फांदी नेली, ती तिथे अजून हिरवी आहे. ‘लेकीनं नेली’ म्हणताना तुम्ही चष्मा नसतानाही मी बसले असेन त्या दिशेला बघायचात. आणि सगळ्यात शेवटी, आवाज अगदी खाली आणून, “त्या देशात माणसाचं घर माणूस जाळत नाही.” एवढं बोलून तुम्ही थांबायचात. मग टाळ्या.

ते शेवटचं वाक्य आत्यासाठी होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत्याला नांदेडकडे दिलेली. विद्यापीठाच्या नावावरून तिकडे पेटलं तेव्हा आपल्या लोकांची घरं जाळली गेली, त्यात तिचं घर गेलं. आठवतं तेवढं सांगते. मी नुकती शाळेत जायला लागले होते. आत्या आपल्या दारात उभी होती आणि तिच्या हातात फक्त एक परात होती. तिला परात का आणलीस असं कुणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, “हाती लागली.” आत्याचे यजमान, मामंजी, त्याच वर्षी गेले. माय तर माझ्या जन्मानंतर वर्षभरातच गेलेली. आली त्या दिवसापासून आत्यानंच आपलं घर चालवलं. जळण्याबद्दल ती कधीच काही बोलली नाही. तुम्हीही तिला विचारलं नाहीत. तुम्ही लंकेचं भाषण तयार केलंत.

आता मला कळतं की तुम्हाला त्या देशाबद्दल फार थोडं माहीत होतं. तुम्ही समुद्रही पाहिला नव्हता. सकाळी दाढी करताना रेडिओवर सिलोन लावायचात, तिथून गाणी यायची आणि गाण्यांच्या मधे तो निवेदकाचा मऊ आवाज. एकदा एक भंते आपल्याकडे दोन दिवस राहिले होते, ते तिकडे जाऊन आलेले, त्यांना तुम्ही झोपू दिलं नाहीत. बाकी शाळेतला नकाशा. एवढ्यावर तुम्ही एक अख्खा देश उभा केलात. वर्गात ‘आपला देश आणि त्यातले लोक’ हा धडा तुम्ही एका तासात उरकायचात, कोरड्या आवाजात, आणि पौर्णिमेला त्या दुसऱ्या देशाबद्दल बोलताना तुम्हाला तास पुरायचा नाही.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात रेडिओच्या बातम्यांत तिकडे काहीतरी पेटल्याचं आलं. तमिळ, सिंहली, दंगल असे शब्द. आत्या चुलीपाशी होती. तुम्ही रेडिओ बंद केला नाहीत, सगळी बातमी ऐकलीत. मग म्हणालात, “चार गुंड कोणत्याबी देशात असतेत.” आणि पुढच्या वैशाखात भाषण तसंच झालं.

मग दहावीनंतर मी इंटरला आदिलाबादच्या कॉलेजात गेले. माझं सगळं शिक्षण मराठीतून, आणि तिथे तेलुगू आणि इंग्रजी. तेलुगू हॉस्टेलच्या मुलींमुळे दोन-चार महिन्यांत तोंडात बसलं, इंग्रजी काही केल्या येईना. गावाबाहेरच्या सूतगिरणीच्या चाळीत एक बाई इंग्रजी शिकवतात, परदेशात शाळेत शिक्षिका होत्या, असं कळलं म्हणून आम्ही पाच-सहा जणी जायला लागलो. सगळ्या त्यांना अक्का म्हणायच्या. त्यांचे यजमान गिरणीत फिटर होते. तिकडून आलेल्या कुटुंबांना सरकारनं अशा गिरण्यांत कामं लावून दिली होती. ‘तिकडून’ म्हणजे कुठून, हे मी एक दिवस सहज विचारलं. अक्का म्हणाल्या, “श्रीलंका.”

मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही जेवत होतात. घास तसाच हातात राहिला. “लंकेच्या? खरंच लंकेच्या?” दुसऱ्याच रविवारी पहिल्या बसनं तुम्ही आदिलाबादला हजर. धुतलेला पांढरा सदरा, हातात ज्वारीच्या हुरड्याची पिशवी. चाळीतल्या त्या एका खोलीत तुम्ही हात जोडून उभे राहिलात आणि बसा म्हटलं तरी बसेनात. तुमचं इंग्रजी आणि अक्कांचं तेलुगू, दोन्ही लंगडी, एकमेकींना धरून चालत होती. तुम्ही पहिलं काय विचारलंत आठवतं? “बोधिवृक्ष पाह्यला?”

“पाहिला,” अक्का म्हणाल्या. “शाळेच्या मुलांना सहलीला घेऊन गेले होते.”

“हात लावला?”

“जवळ जाऊ देत नाहीत. एक पान पडलं होतं खाली. एका मुलीनं उचलून मला दिलं.”

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं, आता रडतात की काय. अक्कांच्या कपाळाला टिकली होती, पण ती आपल्या बायकांच्याही कपाळाला असते. त्यांची भाषा कोणती, त्या कुणाची पूजा करतात, त्या आपला देश सोडून इथे गिरणीच्या चाळीत का राहतात, यातलं काहीच तुम्ही विचारलं नाहीत. तुमच्या लेखी लंकेतला माणूस म्हणजे बुद्धाचा माणूस. निघताना तुम्ही त्यांना वैशाख पौर्णिमेचं निमंत्रण दिलंत. “तुमच्या देशाबद्दल दोन शब्द बोला,” म्हणालात. “माझ्या देशाबद्दल?” असं अक्कांनी परत विचारलं आणि मग हो म्हणाल्या.

मे महिन्यात त्यांना आणायला मी गावाहून आदिलाबादला गेले. दुपारच्या बसमध्ये खिडकीतून विस्तवासारखा वारा येत होता. अक्कांनी पांढरी सुती साडी नेसली होती. बेला जवळ आल्यावर त्यांनी मला विचारलं, “तुझ्या वडिलांना माहीत आहे ना, मी कोण?” मी म्हटलं, “हो. लंकेच्या.” त्या बाहेर बघायला लागल्या. शेतं मोकळी पडली होती, बांधाबांधावर कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग.

विहारापुढच्या पटांगणात ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. चार गावांची माणसं आली होती, कारण लंकेची बाई येणार हे तुम्ही सगळीकडे सांगून ठेवलं होतं. विहार कमिटीच्या अध्यक्षकाकांनी अक्कांना निर्मल गावच्या कारागिरांनी केलेलं लाकडी सीताफळ दिलं, रंगवलेलं, अगदी खरं वाटणारं. बायकांनी त्यांच्या पायाला हात लावले. त्या संकोचून पाय मागे घेत होत्या. मग तुम्ही उठलात, चष्मा खिशात ठेवलात, आणि मी अक्कांच्या शेजारी बसून तुमचं भाषण त्यांच्या कानात तेलुगूत सांगायला लागले.

कैरीवर त्या हसल्या. पांढरे कपडे, रस्त्यावरचे मांडव, प्रत्येक गोष्टीला मान हलत होती. मधेच माझा दंड धरून म्हणाल्या, “कागदाचे कंदील राहिले. त्यांना सांग ना, आम्ही घरोघरी कागदाचे कंदील करतो.” इतक्या खुशीत होत्या. मग तुमचं शेवटचं वाक्य आलं. मी ते कानात सांगितलं. त्यांनी विचारलं, “काय म्हणाले? परत सांग.” मी परत सांगितलं. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि अध्यक्षकाकांनी माईकवरून त्यांचं नाव पुकारलं. बायकांना तेलुगू नीट कळत नाही म्हणून मास्तरांची लेक मराठीत सांगेल, असंही.

आम्ही दोघी माईकपुढे उभ्या राहिलो. अक्का छोटी छोटी वाक्यं बोलत होत्या, मला सोपं जावं म्हणून, शिक्षिकाच त्या. “मास्तरांनी सांगितलं ते खरं आहे. आमच्याकडे पौर्णिमा अशीच असते. माझ्या शाळेतली मुलं कंदील करायची.” मी सांगितलं. टाळ्या. “मी तमिळ आहे. माझ्या आजोबांना चहाच्या मळ्यावर कामाला नेलं होतं. माझा जन्म तिथला. माझा देश तोच.” मी सांगितलं. टाळ्या थोड्या कमी. मग त्या म्हणाल्या, “मा इल्लु काल्चेसारु.”

तीन शब्द समजायला काहीच अवघड नव्हते, बाबा. आमचं घर जाळलं. मला तेलुगू येत होतं आणि मराठी तर माझीच. पण ते वाक्य तोंडातून निघेना. तुमचं वाक्य अजून त्या पटांगणात तसंच होतं, लोकांच्या टाळ्यांनी गरम. मी म्हणाले, “त्यांच्या घराचं नुकसान झालं.”

तुम्ही बसल्या जागेवरून बोललात. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. “नुकसान नाई म्हणे ती. जाळलं म्हणे. जे म्हणे तेच सांग.”

तुम्ही मला आयुष्यात फार रागावला नाहीत. चारचौघांत तर कधीच नाही. मी तुमच्याकडे बघितलं, तुमचा चेहरा पांढरा पडला होता आणि डोळे, चष्म्याशिवायचे, कुठेच बघत नव्हते. मी माईककडे तोंड केलं आणि म्हणाले, “आमचं घर जाळलं.” त्यानंतर अक्का जे बोलल्या ते मी जसंच्या तसं सांगत गेले, माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. शेजारचं घर जाळलं. त्याच्या शेजारचं जाळलं. बाजारात माझ्या भावाचं दुकान होतं, तो आत होता, दुकान जाळलं. ज्यांनी जाळलं ते परके नव्हते. एक मुलगा माझ्याच वर्गात शिकलेला. त्याच्या हातात डबा होता रॉकेलचा. तो मला टीचर म्हणाला. “टीचर, बाजूला व्हा,” म्हणाला.

हे सांगेपर्यंत पुरुषांच्या बाजूला गलका सुरू झाला होता. “खाली बसवा तिले!” “कोणं पाठवली हिले?” “धम्माची बदनामी करून राह्यली, अन् तीबी आजच्या दिवशी!” अध्यक्षकाका तुमच्यापाशी येऊन ओरडले, “मास्तर, हे काय आणलं तुमी? काऊन आणलं?” अक्कांना भाषा कळत नव्हती, पण ओरडणं कळत होतं. त्या मागे सरकल्या नाहीत. 

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आत्या उठली. पदर खोचून सरळ माईकपर्यंत आली. तिला कधी कुणी सभेत बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणूनच असेल, गलका जरा ओसरला. माईकशी तिला काही कर्तव्य नव्हतं. ती अक्कांपुढे उभी राहिली आणि मला म्हणाली, “इचार तिले. वास कायचा येत होता?”

मी विचारलं. अक्कांनी आत्याकडे बघितलं. म्हणाल्या, “तांदळाचा. पोतं होतं घरात. आधी भाजल्यासारखा वास येत होता. चांगला. मग करपला.”

मी सांगितलं. आत्या हलली नाही. “माह्याकडं जवारी होती,” ती म्हणाली. “तीन दिवस येत होता. भूक लागे मले त्या वासानं. घर जळून राह्यलं अन् मले भूक लागे. मी कोणाले सांगतलं नाई आजलोक.” मी हे अक्कांना तेलुगूत सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला. मग आत्या पुरुषांकडे वळली. “हिचं खरं हाये. जळाल्या घरची बाई मले ओळखू येते. तुमाले नाई येत तर चूप बसा.”

तुम्ही उठलात. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवलात, सगळ्या माणसांकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, “मी तो देश पाह्यला नाई. तिनं पाह्यला. माझं भाषण मी परत घेतो.” अध्यक्षकाकांनी लाऊडस्पीकर बंद करायला सांगितलं. पुष्कळ माणसं खीर न घेताच निघून गेली. पातेलं अर्ध्याहून जास्त उरलं.

संध्याकाळची शेवटची बस गेलेली, म्हणून अक्का आपल्याकडे राहिल्या. स्वयंपाकघरात दिवा लावायची वेळ. आत्या भाकरी थापत होती, अक्का तिच्याजवळ जमिनीवर बसलेल्या, तुम्ही दारात, आत यावं की न यावं अशा विचारात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींचं काही अडत नव्हतं. अक्कांनी एक भाकरी थापून बघितली, ती तव्यावर पोचण्याआधीच फाटली, आणि आत्या हसली. त्या दिवशी कुणी हसू शकेल असं मला वाटलं नव्हतं.

मग अक्का स्वतःहून बोलायला लागल्या. त्यांच्या गल्लीच्या टोकाला एक सिंहली म्हातारी राहायची, एकटी, बुद्धाची भक्त, दर पौर्णिमेला उपास करणारी. त्या दिवशी तिनं अक्कांना, त्यांच्या नवऱ्याला आणि आणखी दोन घरच्या माणसांना मागच्या दारानं आत घेतलं. पलंगाखाली, धान्याच्या कणग्यांमागे लपवलं. आणि स्वतः पुढच्या उंबऱ्यात जाऊन बसली, मांडीवर बुद्धाची मूर्ती घेऊन. पोरं आली तेव्हा म्हणाली, आत जायचं तर मला आणि याला, दोघांना ओलांडून जा. पोरं शिव्या देऊन पुढे गेली. “संध्याकाळपर्यंत ती उठली नाही,” अक्का म्हणाल्या. “आम्ही आतून तिची फक्त पाठ बघत होतो.”

तुम्ही दारातून एकदम आत आलात. “हे काऊन नाई सांगतलं तिथं? हे सांगतलं असतं तर…” तुम्ही चिडला होतात, बाबा, खरोखर चिडला होतात. मी ते सौम्य करून सांगणार होते, पण त्या दिवशी मी शिकले होते, जसंच्या तसं सांगितलं.

अक्का शांतपणे म्हणाल्या, “आधी म्हातारीचं सांगितलं असतं, तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. मग माझ्या भावाचं कुणी ऐकलं नसतं.”

 तिथेच भिंतीला टेकून खाली बसलात. आत्यानं तुमच्यापुढे ताट ठेवलं, तुम्ही खाल्लंत, पण काय खाताय ते तुम्हाला कळत नव्हतं. मी तुम्हाला बघत होते आणि मला भीती वाटत होती. तुमचा देश गेला होता. एखाद्याचं गाव धरणाखाली जावं तसा, माणसं डोळ्यांदेखत उभी असताना. पण पुढचं जे मला दिसलं त्यानं मी त्याहून हादरले. तुम्ही आत्याकडे वळलात आणि तिला विचारलंत, “तीन दिवस येत होता?” इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत्या म्हणाली, “हो, भाऊ.” आणि मग ती सांगत गेली, परातीपासून, मामंजींपर्यंत, आणि तुम्ही ऐकत गेलात. अक्कांना एक शब्द कळत नव्हता, तरी त्या तिथून उठल्या नाहीत. मी मात्र मधेच बाहेर ओसरीवर गेले. आपल्याच घरात एक बाई इतकी वर्षं हे घेऊन भाकऱ्या थापत होती आणि आपण दोघं दुसऱ्या देशात राहत होतो.

पुढचे दोन वैशाख तुम्हाला कुणी बोलावलं नाही. मास्तर फिरले, असं म्हणायचे. विहाराची किल्ली तुमच्याकडे असायची, ती अध्यक्षकाकांनी मागून नेली. शाळेत जाताना ज्या ओट्यावर तुम्ही चहा प्यायचात तिथली माणसं बोलेनाशी झाली. तुम्ही त्याबद्दल तक्रार केली नाहीत. वर्गात मात्र काहीतरी बदललं, हे मला मागाहून तुमच्या विद्यार्थ्यांनी सांगितलं. ‘आपला देश आणि त्यातले लोक’ हा धडा तुम्ही एका तासात उरकणं सोडलंत. मुलांना सांगायचात, घरच्या म्हातारीला विचारून या, तिनं काय काय पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलं सांगायची. कुणाच्या आजीला विहिरीवर चढू दिलेलं नसायचं, कुणाच्या आजीनंच कुणाला चढू दिलेलं नसायचं. दोघी आज्यांची नातवंडं एकाच बाकावर. तुम्ही काहीच म्हणायचा नाहीत म्हणे, फक्त, “बरं. आता दुसरा सांग.”

तिसऱ्या वर्षी नदीपलीकडच्या एका गावातून निरोप आला, तोही बायकांकडून, आत्याच्या ओळखीनं. मी तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला होते, मुद्दाम आले. तुम्ही चष्मा घालूनच उभे राहिलात. सुरुवात तीच, कैरी. या वेळी कागदाचे कंदील होते. मग अक्कांचं घर आलं, भाऊ आला, ‘टीचर, बाजूला व्हा’ आलं. मग ती उंबऱ्यातली म्हातारी. आणि शेवट एवढाच : “असा एक देश हाये. तिथं माणसं राह्यतेत.” टाळ्या झाल्या नाहीत. थोड्या वेळानं मागून एक माणूस उठला, चांगला वयस्कर, आणि अगदी काकुळतीनं म्हणाला, “मंग आपण पाहाचं कोणाकडं, मास्तर?” मला वाटलं, तुमच्याकडे उत्तर तयार असेल. तुम्ही म्हणालात, “मले बी ठाव नाई.” इतक्या माणसांपुढे, मास्तर असून. मी त्या क्षणी जशी हबकले तशी अक्कांच्या वाक्यानंही हबकले नव्हते.

ते दुसरं भाषण तुम्ही शेवटपर्यंत करत राहिलात, बोलावलं तिथे, पाच माणसं असली तरी. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तुम्ही गेलात, निवृत्तीच्या आधीच. अक्का आदिलाबादहून आल्या होत्या. आत्याच्या शेजारी भिंतीला टेकून दिवसभर बसल्या. पुढे गिरणी बंद पडली, त्या मुलाकडे चेन्नईला गेल्या. आत्याही गेली. आता मीही मुदतीच्या आधीच निवृत्त झाले आहे, शाळेत तोच धडा शिकवून.

गेल्या महिन्यात मी लंकेला जाऊन आले, बाबा. नागपूरच्या एका सहलीबरोबर. मला तो देश तपासायचा होता, हे खरं. विमानातून उतरले तेव्हापासून मी खोट शोधत होते. तुम्ही सांगितलेलं सगळं आहे. पौर्णिमेला दुकानं बंद होती. रस्त्याच्या कडेला मांडव होते, आमची बस थांबवून एका पोरानं हातात जेवणाची पुडी दिली, तू कोण, कुठली, विचारलं नाही. घराघरावर कागदाचे कंदील, इतके की दिवे लावायची गरज नव्हती. मी ते बघत उभी होते आणि प्रत्येकाचं वय मोजत होते. साठीच्या पुढचा कुणीही दिसला की मनात यायचं, त्या दिवशी हा कुठे होता? डबा घेऊन होता, की उंबऱ्यात बसला होता, की दार लावून आत? बोधिवृक्षापाशी माझ्याकडे फुलं नव्हती. पांढऱ्या शर्टातल्या एका म्हाताऱ्यानं आपल्या ओंजळीतली अर्धी माझ्या ओंजळीत ओतली आणि हसला. त्याचे दात पडलेले होते. मी त्याला विचारू शकले असते, बरोबर दुभाषी होता. मी विचारलं नाही. फुलं वाहिली.

परत आल्यावर अक्कांना फोन केला. आवाज बारीक झालाय, पण तेलुगू अजून तसंच, सोप्या सोप्या वाक्यांचं. त्यांनी विचारलं, “कसा आहे माझा देश?” मी म्हटलं, फार सुंदर आहे. “तुला कुणी वाईट वागवलं का?” मी म्हटलं, नाही अक्का, एकानंही नाही.  मग म्हणाल्या, “त्या दिवसापर्यंत मलाही कुणी वाईट वागवलं नव्हतं.”

 हे सगळं तुम्हालाच सांगण्यासारखं होतं, म्हणून लिहीत बसले. पोचायचं तर कुठेच नाही या पत्राला. फक्त एक गोष्ट आहे, ती अक्कांना सांगायचा मला धीर झाला नाही. फोन ठेवला त्याच दिवशी मी पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी माझं नाव नोंदवून आले.